हा विचार माझा नाही

“सांगा त्यांना,” नेते माझ्याकडे न बघता म्हणाले. “जसंच्या तसं सांगा.”

बनारसच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मी दुभाषी म्हणून माईक धरून उभी होते. ते नुकतंच म्हणाले होते की ज्यांनी बापजाद्यांचा धर्म टाकला त्यांचं डोकं उसनं आहे. सवलतीच्या खुर्चीत बसतात, सरकारचा पगार खातात आणि ज्या संस्कृतीनं त्यांना माणसात आणलं तिच्यावरच थुंकतात. त्यांच्या विचाराला विचार म्हणू नका. ती कीड आहे. कीड घरात ठेवायची नसते.

पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना मराठी कळत होतं. मागच्या खुर्च्यांवर बनारसची माणसं बसली होती. दुकानदार, नाववाले, शेजारपाजारचे. ती माझ्याकडे बघत होती. टाळ्या त्यांनाही वाजवायच्या होत्या, पण कशावर ते मी सांगायचं होतं.

ते उसनं डोकं माझं. ती खुर्ची माझी. धर्म टाकला तो माझ्या आजोबांनी, वर्ध्याकडच्या आमच्या गावात, सगळ्या वस्तीबरोबर. हे नेत्यांना माहीत नव्हतं. त्यांना फक्त एक शुद्ध बोलणारी बाई दिसत होती.

मी सांगितलं. जसंच्या तसं. एक शब्द गाळला नाही. ‘कीड’ला मी ‘कीड़ा’ म्हणाले नाही. ‘घुन’ म्हणाले. आतून पोखरणाऱ्या किडीला इथे घुन म्हणतात आणि नेत्यांना तेच म्हणायचं होतं. माझ्या जिभेला सवय आहे. नेमका शब्द आपोआप येतो.

मागून टाळ्या पडल्या. पुढच्यांपेक्षा मोठ्या. माझ्या आवाजाला, माझ्याच विरुद्ध.

रेल्वेच्या एका कार्यालयात मी अनुवादक आहे. हिंदीत एम. ए. केलं, परीक्षा दिली, बनारसला नेमणूक झाली. कार्यालयात दुसरं मराठी कुणी नाही. दुर्गाघाटाजवळच्या एका घरात वरची खोली भाड्यानं घेतली. खाली उतरून दोन वळणं घेतली की मराठी ऐकू यायचं. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या घरांचं मराठी. पूजापाठ करणारे, शास्त्र शिकवणारे, शाळा-कॉलेजात मास्तर झालेले. त्यांचं मराठी ‘भाजी’ऐवजी ‘सब्जी’ म्हणणारं, पण चाल मराठीच. पहिल्या महिन्यात ती चाल कानावर पडली की मी गल्लीत उगाच थांबायची. एवढी भूक लागली होती भाषेची.

तिथेच पाध्येकाका भेटले. निवृत्त मास्तर, मंडळाचे सचिव. भला माणूस. मंडळाच्या वाचनालयाची किल्ली माझ्याकडे देऊन ठेवायचे. काकूंनी तांदळाची चांगली पिठी कुठे मिळते ते दाखवलं, आजारी पडले तेव्हा पेज आणून दिली. माझं आडनाव गावावरून पडलेलं. त्यातून काही कळत नाही. पण मी लपवलं नव्हतं. काकूंना पहिल्याच दिवाळीत सांगितलं होतं, आम्ही बौद्ध. त्या म्हणाल्या, “अच्छा. आम्ही असलं काही मानत नाही हो.” आणि विषय भाकरीवर नेला.

म्हणजे काकांना माहीत होतं. हे मला नंतर सारखं आठवत राहिलं. महाराष्ट्रातून नेते दर्शनाला येणार, निवडणुकीचे दिवस, मोहल्ल्यातल्या लोकांनाही बोलावलंय, नेते मराठीतच बोलतात, तेव्हा दुभाषी तुम्हीच, असं काका म्हणाले तेव्हा त्यांना माहीत होतं. नेते काय बोलतात हेही माहीत होतं. गेली कित्येक वर्षं ते तेच बोलतात. काकांच्या मनात वाईट नसणार. त्यांना या दोन गोष्टी एकत्र आठवल्याच नसतील. माझा आवाज त्यांना आठवला. बाकीची मी आठवले नाही.

हे लहानपणापासूनचं आहे. शाळेत झेंडावंदनाला भाषण गुरुजी लिहायचे आणि वाचायची मी. आवाज खणखणीत म्हणून. पाहुण्यांचे आभार मी मानायची, सरपंचांचं स्वागत मी म्हणायची. मग आम्ही वस्तीतली पोरं मागं जाऊन बसायचो. माझा आवाज लोकांना कायम आवडला. माझं म्हणणं कुणी विचारलं नाही.

भाषण पुष्कळ वेळ चाललं. ते दोन-तीन वाक्यं बोलायचे, थांबायचे, मी सांगायची. अमका विचार परदेशी, तमका विचार देशद्रोही, आणि पुन्हा पुन्हा आमचा विचार, उसना आणि किडका. माझ्या पायात गोळे आले होते. चेहरा मात्र मी सांभाळला. अनुवादकानं चेहरा सांभाळायचा असतो.

ते बसले. कुणीतरी त्यांना पाणी दिलं. माईक अजून माझ्याच हातात होता. मी ठरवून काही केलं नाही. मी माईक ठेवायला वाकलेच होते. मग सरळ झाले.

“यह नेताजी का विचार था,” मी म्हणाले. “मैंने पूरा सुनाया। यह विचार मेरा नहीं है। जिन लोगों को उन्होंने घुन कहा, मैं उन्हीं में से हूँ।”

एवढंच. पुढचं एक वाक्य होतं माझ्याकडे, पण काकांचा हात माईकवर आला. ओढला नाही. हळूच काढून घेतला, लहान मुलीच्या हातातून सुरी काढतात तसा.

“अहो,” काका कुजबुजले, “तुम्ही बस ट्रान्सलेट करायचं होतं.”

नेते रागावले नाहीत. ते हसले. त्यांच्यासमोर दुसरा माईक होता. त्यात म्हणाले, “बघा. मी सांगत होतो ना, कीड घरातच असते.” पुढच्या रांगा हसल्या. मराठीत हसल्या. मागच्यांना हा विनोद सांगायला कुणी नव्हतं, तरी तेही हसले.

मग हार झाले, फोटो झाले. मी मंचाच्या कडेला उभी. जेवणं सुरू झाली. मला कुणी जा म्हणालं नाही आणि बसाही म्हणालं नाही. वाढपी माझ्या बाजूनं वळून जात होते. मी चपला घातल्या आणि निघाले.

घरी पोचल्यावर आईला फोन केला. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तू काहून बोलली? एकटी हायेस तिथं.”

त्यानंतर एकटी म्हणजे काय ते कळलं. वाचनालयाची किल्ली काकांनी मागून घेतली, रंगकाम करायचंय म्हणाले. रंगकाम झालं नाही. गल्लीत मराठी ऐकू आलं की मी आता थांबत नव्हते, कारण मी जवळ पोचताच ते हिंदी व्हायचं. एकदा काकू समोरून आल्या, पिशवी घेऊन. आमची गल्ली एवढी अरुंद की दोन माणसं आली तर एकाला भिंतीला लागून अंग चोरावं लागतं. त्यांनी अंग चोरलं. मी गेल्यावरही त्या क्षणभर तशाच उभ्या होत्या. मी वळून पाहिलं म्हणून मला दिसलं. पाहायला नको होतं.

संध्याकाळी पंचगंगा घाटावर जाऊन बसायची. तिथे कुणी ओळखीचं नाही. नाववाले विचारायचे, नाव हवी का. नको म्हटलं की निघून जायचे. दिवसभरात माझ्याशी कामाशिवाय झालेलं तेवढंच बोलणं. तिथे बसून मी त्या नेत्याचा विचार करायची. वाटायचं, या माणसाचं तोंड कुणीतरी बंद करावं. कायद्यानं करावं, पोलिसांनी करावं, कसंही करावं. अगदी मनापासून वाटायचं. मग वाटायचं, तोंड बंद करायचा अधिकार ज्याच्या हातात येईल तो सुरुवात कुणापासून करील? त्या नेत्यापासून नक्कीच नाही. माझ्यापासून करील. मी आधीच अर्धी बंद आहे.

कार्यालयात साहेबांनी बोलावलं. मंडळातल्या कुणीतरी फोन केला होता. साहेब सभ्य माणूस. बसा म्हणाले, चहा मागवला. म्हणाले, तुम्ही सरकारी नोकर, मंचावरून राजकीय बोललात. मी म्हटलं, रविवार होता आणि मंचावर मला बोलावलं होतं. राजकीय तर ते बोलले, मी फक्त माझं नाही म्हणाले.

“भाषण देना उनका काम है,” साहेब म्हणाले. “आपका नहीं।”

मग त्यांनी मार्ग काढला. पुढच्या रविवारी मंडळात जायचं, दोन शब्दांत चूक झाली म्हणायचं. वर काही जाणार नाही. मी विचार करते म्हणाले.

त्याच आठवड्यात दुसऱ्या बाजूची माणसं आली. त्या नेत्याच्या विरोधातला इथला पक्ष. कुणीतरी मोबाइलवर माझं ते वाक्य घेतलं होतं, ते त्यांच्यापर्यंत गेलं होतं. दोन कार्यकर्ते फुलं घेऊन खोलीवर आले. दीदी दीदी करत होते. सारनाथच्या रस्त्यावर सभा आहे, तुम्ही फक्त या, तुमच्यावर काय गुदरलं ते सांगा, नोकरीचं आम्ही बघतो. खरं सांगते, मला रडू आलं. किती दिवसांनी कुणीतरी खोलीत बसून माझ्या हातचा चहा पीत होतं. सारनाथला जाताना तर मला नेहमी घरी निघाल्यासारखं वाटतं.

गेले. मैदान भरलं होतं. माणसं आमच्यासारखी. पण त्यांचे नेते बोलायला उभे राहिले आणि मला तो सूर ओळखीचा वाटला. म्हणाले, अशा लोकांना या शहरात मंच मिळता कामा नये. जो हॉल देईल त्याला बघून घेऊ. त्यांची जीभ जिथे चालेल तिथे ती खेचू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाले, आता आपली बहीण सांगेल.

माझ्या हातात माईक आला. या वेळी कुणाचं भाषण सांगायचं नव्हतं. समोर माझी माणसं. त्यांना हवं ते बोलले असते तर त्या दिवशी मी एकटी राहिले नसते. जेवणाच्या पंगतीत जागा होती, घरी सोडायला गाडी होती.

मी घडलं ते सांगितलं. मग म्हणाले, “वे बोले, इसकी शिकायत मुझे नहीं है। उन्होंने जो कहा वह ज़हर था, पर उसका जवाब है मेरे पास। उनकी जीभ मत खींचिए। मुझे मंच दीजिए, मैं उन्हें जवाब दूँगी।”

कुणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारी पुढे बसली होती, ती मान हलवत होती, पण हो म्हणून की नाही म्हणून ते समजलं नाही. फुलं आणणारा कार्यकर्ता जवळ आला. माईक काढून घेतला. काकांसारखाच, हळूच.

“दीदी,” तो म्हणाला, “आप हैं किसकी तरफ़?”

परत येताना गाडी नव्हती. मी रस्त्यावर येऊन शेअर ऑटोत बसले. शेजारच्या बाईच्या मांडीवर झोपलेलं बाळ होतं, त्याचा पाय सगळ्या वाटेत माझ्या गुडघ्याला लागत होता. तेवढीच सोबत.

रविवारी मंडळात गेले. साहेबांनी काकांना कळवलं असणार, कारण सगळे जमले होते. काकू भिंतीशी बसल्या होत्या. काकांनी माझ्यासाठी सोपं करून ठेवलं होतं. म्हणाले, फक्त ‘चूक झाली’ म्हणा, आम्ही विसरलो, उगाच बवाल नको. त्यांच्या आवाजात खरंच माया होती. तीच जास्त लागली.

मी उभी राहिले. या हॉलमध्ये मी पहिल्यांदाच माझं मराठीत बोलणार होते.

“नेत्यांचा एकही शब्द मी चुकवला असेल तर दाखवा,” मी म्हणाले. “त्याची माफी मागते. ते बोलले म्हणून मी तक्रार केली नाही, करणार नाही. त्यांना पुन्हा बोलवा. पण मी कीड आहे असं माझ्याच तोंडून वदवून घेतलंत आणि ‘नाही’ एवढा शब्द तुम्हाला जड झाला. त्याची माफी मी मागणार नाही.”

काका खाली बघत राहिले.  कुणी उलट बोललं असतं तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. एकेक जण उठला, चपला शोधू लागला. काकू सगळ्यांत शेवटी उठल्या. माझ्यासमोर थांबल्यासारख्या वाटल्या. थांबल्या नाहीत.

साहेब आता म्हणतात, बदलीचा अर्ज करा, नागपूर मिळेल. आई म्हणते, ये. मी अर्ज करणार नाही. हे शहर नेत्यांचं नाही, मंडळाचं नाही, सारनाथच्या त्या सभेचंही नाही. मी इथे भाडं देते, काम करते, बोलते.

मंडळाचा कार्यक्रम असला की गल्लीत फलक लागतो. बोलावणं लागत नाही. मी जाणार. रिकामी खुर्ची बघून बसणार, शेजारचा उठला तर उठू दे. जो कुणी नेता येईल, कुठल्याही बाजूचा, त्याचं भाषण शेवटपर्यंत ऐकणार. मला शिवी दिली तरी मधे ओरडणार नाही, कुणाला ओरडू देणार नाही. तो संपवील, बसेल.

मग मी उभी राहणार. माईक देणार नाहीत, मला माहीत आहे. बोलू दिलं नाही तर उभीच राहणार.