टाकीखालची टाकी

हॉलमधल्या चार फुटी काचेच्या टाकीत मासे सोडण्याआधी माझ्या नवऱ्याने दोन महिने तिच्याखालच्या टाकीचा अभ्यास केला. या खालच्या टाकीला संप म्हणतात. वरचं पाणी तिच्यात उतरतं, गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. आमच्या डोंबिवलीत लाईट गेली की पंप थांबतो, पण वरचं पाणी थोडा वेळ खाली येतच राहतं. संप आधीच काठोकाठ भरलेला असला तर ते सगळं फरशीवर. म्हणून किती जागा रिकामी सोडायची याचे तक्ते, आकृत्या, ठाण्याच्या एका मित्राशी फोनवर तास तास चर्चा. एवढा अभ्यास दहावीला केला असता तर सासूबाईंचे क्लासचे पैसे वाचले असते.

शेवटी त्याने संपवर लाल मार्करने रेघ मारली आणि पाणी इथपर्यंत राहिलं पाहिजे म्हणून जाहीर केलं. कोणी ठेवायचं, ते काही बोलला नाही.

पाणी रोज उडून जातं, चांगले दोन-तीन तांबे. नळाचं ताजं पाणी माशांना चालत नाही, म्हणून मी एक बादली दिवसभर उघडी ठेवायचे आणि दुसऱ्या सकाळी घरातली पिंपं, बादल्या भरून झाल्या की वाकून रेघेपर्यंत घालायचे. असं दोन वर्षं चाललं.

एका रविवारी तो मित्र टाकी बघायला आला. मासे त्याने धड पाहिलेही नाहीत. चाळिशीतले दोन घोडे गुडघे टेकून खालच्या कपाटात डोकं घालून बसले. मी चहा घेऊन आले तेव्हा मित्र विचारत होता, रोजची भर घालायला यंत्र कुठलं लावलंयस.

"काही लागत नाही रे," नवरा म्हणाला. "माझी लेव्हल परफेक्ट आहे, हलतच नाही."

मला इतका अपमान वाटला की बिस्किटं आतच ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून मी पाणी घालणं बंद केलं. पाचव्या दिवशी पंप हवा ओढून खुळखुळायला लागला. लेव्हल हलतच नाही हे एकदा ठरल्यावर रेघेकडे कशाला बघायचं? या शहाण्याने पंप खोलला, पुसला, मित्राला व्हिडिओ पाठवला आणि कल्याणला जाऊन नवा पंप आणला. तोही खुळखुळला.

मासे बिचारे निष्पाप, म्हणून त्याच्यासमोरच मी बादली ओतली. आवाज थांबला. तो कधी रेघेकडे, कधी बादलीकडे बघत राहिला.

"हे तू रोज करतेस?"

"उद्यापासून तू करायचंस," मी म्हटलं. "आधी घरचं पाणी भरायचं, मग हे."

त्याने अगदी मनापासून मान डोलावली आणि गजर लावायला फोन काढला.

"पाणी येतं किती वाजता?"

या घरात राहायला येऊन आम्हाला चौदा वर्षं झाली होती.