पाण्याखालचं घर रंगवताना

गाव सोडलं त्या सकाळी वडील छपरावरची कौलं उतरवत होते आणि आई आत शेणानं जमीन सारवत होती. धरणाचं पाणी चढत आलं होतं, सामान ट्रॉलीत भरून झालं होतं. वडील वरून ओरडले, "अगं, पाणी काय पाय पुसून येणार हाय व्हय?" हात न थांबवता आई म्हणाली, "त्याला यायचं तसं येऊ दे. मी घाण घर देणार न्हाई."

इरा आणि निषाद, माझ्या नातवंडांनो, तेव्हा मी पुण्याला कॉलेजात इंग्रजी शिकत होते. सामान हलवायला म्हणून आले होते. नवी जागा मिळाली ती आळे गावाकडच्या सपाट रानात. तिथं सूर्य उगवला की उगवला. आमच्या जुन्या गावी तो डोंगराआडून सावकाश यायचा. आधी समोरचा उतार उजळायचा, मग भाताची खाचरं, आणि आमचं दार सगळ्यांत शेवटी. त्या वाट पाहण्यातच मी रंग पाहायला शिकले, हे फार उशिरा कळलं. नोकरी, संसार, मग निवृत्ती आणि फ्लॅटच्या बाल्कनीत मांडलेलं ईझल. समोर पार्किंग दिसतं. कागदावर तो उतारच येऊन बसतो.

मागच्या वर्षी व्हिडिओ कॉलवर तुम्ही म्हणालात, आमच्या भिंतीसाठी तुझं घर काढ, अगदी खरं. इराने लगेच नकाशा उघडला. "आजी, इथं नुसतं निळं आहे गं." ते 'खरं' माझ्या मनात अडकून राहिलं. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर धाकट्या भावाला, दत्तूला, घेऊन मी तिथं गेले.

भेगाळलेला गाळ आणि जोत्याचे थोडे दगड. दिसलं ते नीट कागदावर उतरवलं. दत्तू म्हणाला, "लई हुबेहूब. पर आक्के, हे कुणाचं घर?"

मी कागद बदलला आणि समोर न बघता रंगवू लागले. खाचरांचा ओला हिरवा, दारात उशिरा पोचलेलं ऊन, उखळापाशी आई. दत्तू माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. मग एकदम चिडला. "आगं, उखळ तिथं न्हवतं! दाराच्या ह्या अंगाला. आई कांडायची, तवा मी म्होरं बसून सांडलेले दाणे येचायचो."

"दाराच्या त्या अंगालाच व्हतं," माझ्याही तोंडून तीच बोली निघाली.

"तुला काय ठावं? तू व्हतीस पुण्याला!"

त्या उन्हात, गाळात उभं राहून आम्ही दोघं म्हातारी उखळावरून भांडलो. कुणाचं खरं, हे सांगायला आई नाही.

मी उखळ हलवलं नाही. दोन्ही चित्रं पाठवते आहे, गाळाचं आणि हिरवं. शेजारी शेजारी लावा, थेट ऊन पडू देऊ नका, आणि मधे वीतभर भिंत रिकामी सोडा. आजीचं घर कुठलं असं कुणी विचारलं, तर त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवा.