उपटलेली हरळी

फुटलेला पाइप बांधून परत आले, तर लॉनवर स्टेजसमोर दोन खोल्या मावतील एवढी काळी माती उघडी पडली होती. बाजूला हरळीचा ढीग. मुळ्या झटकून नीट रचलेला. लव्हाळा मात्र जागच्या जागी उभा होता.

जळकोटजवळ रोडला लागून लग्नाचं लॉन आहे. तिथली हिरवळ मी सांभाळते. लॉनचं गवत म्हणजे आपल्या शेतातली हरळीच, कापून आणि पाणी देऊन मऊ केलेली. लव्हाळा तिच्यात घुसतो. वर पात दिसते, खाली मातीत गाठ असते. नुसती पात उपटली तर गाठीतून पुन्हा फुटतो. म्हणून खुरप्याच्या टोकानं गाठीसकट काढायला अणदूरहून आठ बाया बोलावल्या होत्या. ‘नको ते गवत काढा,’ एवढंच सांगून मी पाइपाकडं गेले होते.

त्यांची म्होरकी कोंडाबाई. तिला विचारलं, हे काय केलं?

“हरळी काढली की. लई माजली होती. लव्हाळ्याचं काय, त्यो दुपारून बघू.”

शेतात हरळी दिसली की माझाही हात तिच्यावरच जातो.

मालक बसवराज शेठ आले. उघड्या मातीभोवती एक चक्कर मारली. तुळशीच्या लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी पहिलं बुकिंग होतं. नवऱ्या मुलीच्या बापानं हिरवळ बघूनच लॉन ठरवलं होतं.

“मावशी, प्लास्टिकचं गवत टाकून घेतो. कायमचंच. तुमच्यामागची कटकट पण जाईल.”

कटकट म्हणजे माझं काम. मी म्हणाले, दिवाळीपर्यंत थांबा. ते हो म्हणाले, पण फोनवर प्लास्टिकचे नमुने बघतच गेले.

शेतात काढलेली हरळी बांधावर फेकली तरी तिथं रुजते. जन्मभर तिला शिव्या दिल्या. त्या दिवशी तिच्याच भरवशावर बसले. ढिगावर ओलं पोतं टाकलं. बायांना सांगून वीत-वीत तुकडे केले आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा मातीत दाबले. वरून चाळलेलं शेणखत.

भीती थंडीची होती. दसरा होऊन गेला होता. थंडी पडली की हरळी झोपते, मग कितीही खत घाला, हलत नाही. म्हणून लॉनला खत ऋतू बघून देतात. उन्हाळा संपताना शेणखत, पावसाळ्यात थोडा थोडा युरिया, थंडीत काहीच नाही.

आठ दिवसांनी शेठ खूश होऊन आले. “मावशी, हिरवं झालं की.”

“तो लव्हाळा हाय.”

त्यांचं तोंड उतरलं. दुपारी युरियाची दोन पोती उतरवून घेतली, म्हणाले, सगळा लॉनवर फेका. मी पोती खोलीत टाकून कुलूप घातलं. कोवळ्या मुळीला कोरडा युरिया म्हणजे चटका. करपलं असतं तर पुन्हा लावायला दिवस कुठं होते? रोज सकाळी गुडघ्यावर बसून एकेक लव्हाळा गाठीसकट काढला. हरळीचे तुकडे वरून वाळलेले दिसायचे. एखादा हळूच ओढून बघायची, मुळी धरली का. ओढायचीही भीती वाटायची.

बाराव्या दिवशी एक तुकडा ओढला, तो आला नाही.

मग बादलीभर पाण्यात मूठभर युरिया विरघळवून झारीनं दिला, लगेच वरून साधं पाणी. दिवाळीच्या पहाटे अंगाला गारवा लागला तशी उठून लॉनवर धावले. पण तोवर हरळीनं वीत-वीत पसरून माती झाकली होती. एका कोपऱ्यात ती धरलीच नाही. तिथं शेवंतीच्या कुंड्या ठेवल्या.

शेठ चप्पल काढून हिरवळीवरून चालले. “प्लास्टिकवाल्याला सांगितलं, सध्या नको.”

सध्या. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा बघायचं.

लग्नाला कोंडाबाई पाहुणी म्हणून आली होती. जेवून बायकांत स्टेजसमोर बसली. बोलता बोलता तिची बोटं हरळीत शिरली आणि एक कांडी मुळासकट वर आली. मी बघतेय हे दिसल्यावर तिनं ती परत मातीत दाबली.

आता खुरपणीला बाया आल्या की आधी लव्हाळा आणि हरळी दोन्ही हातात देऊन दाखवते. मग तिथंच बसते. पाइप फुटला तर फुटू दे.