वातुसारीची गाडी दिसेना

रिलीजच्या दिवशी वेनिंग सकाळपासून काही खात नसे. रोजा नव्हे, घासच उतरत नसे. जावा बेटावरच्या सेमारांग शहरातल्या त्या कचेरीत जिल्ह्यातल्या ॲम्ब्युलन्स हलवणारं यंत्र तिच्या ताब्यात होतं. लोकांचा फोन आला की जवळची गाडी शोधायची आणि ड्रायव्हरच्या मोबाईलवर घंटा वाजवायची, हे काम सर्व्हर करत. त्या सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवायची ती वेनिंगनं, आणि तीही यंत्र चालू ठेवून. आजारपणाला सुट्टी नसते.

तिचे वडील गावच्या भातखाचरांना पाणी सोडायचे. पाट वाहता ठेवून त्याची फळी कशी बदलतात, हे तिनं लहानपणी पाहिलं होतं. इंजिनिअर झाल्यावरही तिची रीत तीच राहिली. आधी थोड्या गाड्यांवर नवी आवृत्ती चढवायची, वाट बघायची, मग आणखी थोड्या. मागं फिरायचा रस्ता आधीच तयार ठेवायचा आणि आदल्या दिवशी स्वतः चालून बघायचा. कंटाळवाणं काम. ते टाळणारे पुष्कळ असतात.

"म्बाक, तुम्ही लग्नालासुद्धा परतीची सोय करूनच उभ्या राहाल," शेजारी बसणारा रेहान म्हणायचा. म्बाक म्हणजे ताई.

"सोय झाली नाही, म्हणून तर राहिले नाही."

त्या मंगळवारी दुपारच्या नमाजानंतर रिलीज सुरू झालं. त्यात रेहाननं थोडी साफसफाई घातली होती. चाचणी घेणारे लोक खोटे ड्रायव्हर नोंदवत आणि नाव, आडनाव दोन्हीकडे एकच शब्द टाकून मोकळे होत. असल्या नोंदी लपवायच्या, एवढंच. वेनिंगनं ते तपासून बरोबर म्हटलं होतं.

आधी शहरातल्या गाड्या. सगळं ठीक चाललं. मग डोंगरावरच्या. स्क्रीन हिरवी राहिली. रेहाननं तळलेल्या केळ्यांचा कागद पुढं सरकवला. वेनिंगनं हात लावला नाही.

तेवढ्यात फोन घेणाऱ्या बायकांच्या रांगेतून बु तुतिक, म्हणजे तुतिकबाई, उठून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांना कामावर उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"वेनिंग, डोंगरावरच्या वातुसारीची गाडी कुठं गेली गं?"

"आरोग्य केंद्रावर असेल, बु."

"मला दिसेना. बाळंतीण आहे, रक्त थांबत नाही म्हणतात. आणि हे मला खालची अम्बारावाची गाडी दाखवतंय. ती घाट कधी चढायची?"

वेनिंगनं स्क्रीनकडं पाहिलं. हिरवी. याचीच तिला जास्त भीती वाटली. लाल दिसलं असतं तर कुठं दुखतंय ते तरी कळलं असतं. यंत्राच्या लेखी काही बिघडलंच नव्हतं. वातुसारीला गाडीच नव्हती, मग बिघडेल काय?

"खालची निघू द्या. आणि ड्रायव्हरला साधा फोन लावा."

"लावला. पाइजान साधा फोन उचलतोय होय? कर्ज घ्या, कर्ज घ्या म्हणून लोक छळतात त्याला. केंद्रावरही कुणी घेईना. उभ्या गाडीतला वायरलेसही बंद असतो. त्याला फक्त आपली घंटा कळते."

साहेब हार्दोनो मागं येऊन उभे राहिले. वडीलधारे म्हणून सगळे त्यांना पाक म्हणत. आवाज नेहमीसारखा मऊ.

"आधी कारण शोधा. मागं फिरवलंत तर शहरात धावणाऱ्या गाड्यांची कामं पुसली जातील. जुन्या आवृत्तीला नव्या नोंदी वाचता येत नाहीत. थोडं थांबू."

ते खोटं बोलत नव्हते. एकीकडं एक बाई, दुसरीकडं वाटेवरचे सगळे रोगी. आणि जावात वडीलधाऱ्याला नाही म्हणत नाहीत.

"हो, पाक," वेनिंग म्हणाली. सवयीनं तोंडातून गेलं.

तिनं डोंगरावरच्या ड्रायव्हरांची यादी उघडली. तरुण होते, वयस्क नव्हते. पाइजान नाही, न्गातिमिन नाही, सुकिर्नो नाही. खेड्यातली जुनी माणसं. आईबापांनी एकच नाव ठेवलेलं, आडनाव कुणाला नाहीच. अर्ज दोन नावं मागतो, म्हणून ही माणसं एकच नाव दोनदा लिहितात. पाइजान पाइजान. यंत्रानं त्यांना खोटं ठरवून लपवलं होतं. तिच्या स्वतःच्या ओळखपत्रावरही वेनिंग वेनिंग असंच होतं. ते गळ्यात घालूनच तिनं रेहानचं काम बरोबर म्हटलं होतं.

"कारण सापडलं, पाक."

"मग दुरुस्त करा. मागं कशाला जायचं?"

"दुरुस्ती लिहायची, तपासायची, चढवायची. तेवढं रक्त त्या बाईच्या अंगात नाही. मी मागं फिरवते. नाही म्हणू नका."

हार्दोनो तिच्याकडं बघत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

"बु, धावणारी प्रत्येक गाडी वायरलेसवर घ्या. कोण रोगी, कुठून, कुठं, कागदावर लिहा. आणि त्यांना परत वाचून दाखवा."

बायका लिहू लागल्या. रेहान वेनिंगच्या खुर्चीमागं आला.

"म्बाक, आता तरी दाबा."

"शेवटची गाडी लिहून होऊ दे."

"ती बाई मरेल."

"ठाऊक आहे मला. गप्प बस."

तेवढं थांबणं तिला आयुष्यात सगळ्यात जड गेलं. बु तुतिकनी पेन खाली ठेवलं आणि वेनिंगनं बटण दाबलं. स्क्रीन कोरी झाली. मग जुनी यादी एकेक ओळ वर येऊ लागली आणि वातुसारी उमटली.

वायरलेस खरखरला. "पाइजान. निघालो."

"इतका वेळ होतास कुठं?" बु तुतिक ओरडल्याच.

"इथंच. गाडी पुसत होतो. घंटाच नाही तर मी काय करू, बाई?"

मग कागदावरची कामं हातानं परत भरायची होती. वेनिंगनं सगळी भरली, एकदा ताडून पाहिली, पुन्हा ताडून पाहिली. शहरातला एकही रोगी वाट चुकला नाही. सूर्य बुडता बुडता दवाखान्यातून निरोप आला, बाई जिवंत आहे, रक्त चढवताहेत. बाळाचं कुणी बोललं नाही. विचारायचं वेनिंगला धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी बु तुतिकनी विचारलं. बाळ काचेच्या पेटीत होतं. डॉक्टर अजून काही सांगत नव्हते.

दुरुस्त आवृत्ती चढवायची वेळ आली तेव्हा वेनिंग साहेबांकडं गेली. "या वेळी बटण रेहान दाबेल. मी वातुसारीला बसते." त्यांनी होकारार्थी मान हलवली.

केंद्राच्या पायरीवर पाइजान तिच्याशेजारी बसले. मधे त्यांचा मोबाईल.

"एवढी शिकलेली पोर, घंटा वाजते का बघायला घाट चढून आली?"

"कानानं ऐकल्याशिवाय खरं वाटत नाही, पाक."

"बाळाचं काही कळलं?"

"अजून पेटीतच आहे."

रेहानचा निरोप आला, चढवली. स्क्रीन हिरवी आहे, असंही त्यानं लिहिलं होतं. वेनिंगनं ते वाचलं आणि मोबाईलकडं बघत राहिली.

घंटा वाजली तेव्हा दोघंही दचकले. चाचणीची नव्हती. वरच्या वाडीत एक म्हातारा पडला होता. पाइजाननी हातातला चहा तसाच ठेवला आणि ते गाडीकडं धावले.