इलोनाचा शनिवारचा तास

इलोना गेल्याचं मला तिच्या मुलीनं फोनवर सांगितलं. मुलगा-सून ऑफिसला गेल्यावर मी सहसा फोन उचलत नाही. कोण काय विचारील आणि काय उत्तर द्यावं लागेल, याची धास्ती वाटते. पण त्या सकाळी त्यांच्या घरचा नंबर दिसला म्हणून उचलला. अ‍ॅग्नेस म्हणाली, "मम इज गॉन, आजी." एवढं इंग्रजी मला समजतं. तरी तोंडातून निघून गेलं, "गॉन व्हेअर?" ... ती रडायला लागली. आज त्याला सहा आठवडे झाले. नातीच्या, ऋचाच्या, जुन्या वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यांत हे लिहिते आहे. इलोना माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी होती. पण आमचं बोलणं सगळं मोडक्या इंग्रजीत, त्यात अहो-जाहो कुठलं? म्हणून इथेही तिला एकेरीच लिहिते.

यजमान गेल्यावर दोन हजार तीन साली मी मुलाकडे परदेशात, वेस्ट विंडसरला आले. ऋचा तेव्हा नऊ वर्षांची. तिला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं काम माझ्याकडे आलं. त्याच थांब्यावर एक उंच, रुंद खांद्यांची बाई आपल्या नातीला घेऊन यायची. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती आणि चालताना डावा गुडघा कडक राहायचा. मी महिनाभर तिच्याकडे बघून नुसती मान हलवत होते. शेवटी एक दिवस तीच म्हणाली, "तू मुकी आहेस का?" मी म्हटलं, "नो." "छान. मग उद्या बोल." असा आमचा स्नेह सुरू झाला.

ती हंगेरीची. हँडबॉलची गोलकीपर. हा खेळ मी कधी पाहिला नव्हता. इथल्या लोकांना हँडबॉल म्हटलं की भिंतीवर चेंडू मारायचा खेळ आठवतो. तिचा खेळ वेगळा, एका बाजूला सात जणी, हातानं चेंडू फेकून गोल करायचा. चौदाव्या वर्षी ती गावातल्या कापड गिरणीच्या संघात लागली. मोठी झाल्यावर शेजारच्या ऑस्ट्रियात पगारावर खेळली. सोळा वर्षं खेळली आणि मग गुडघा गेला. देशाच्या संघात एकदाच निवड झाली, तेव्हाही ती सगळ्या सामन्यांत बाकावर बसून राहिली. ते सांगताना तिला वाईट वाटायचं नाही, राग यायचा. "एक मिनिट दिलं असतं तर!" म्हणायची.

इथे आल्यावर तिच्या मनात एकच होतं. मरायच्या आधी आपल्या हातानं तयार केलेला एक संघ मैदानात उतरवायचा. तिने थांब्यावरच्याच मुली गोळा केल्या, त्यात ऋचाही होती. गावच्या कम्युनिटी सेंटरच्या जिममध्ये दर शनिवारी सकाळी एक तास मागून घेतला. मी सोबत म्हणून जायची आणि कोपऱ्यात बसायची. इलोना मुलींवर चेंडू फेकायची आणि ओरडायची, "डोळे मिटू नका! चेंडू तुम्हाला खात नाही!" ऋचा घरी येऊन म्हणायची, "आजी, शी इज सो मीन." आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी बूट घालून दारात उभी!

दोन वर्षांनी शेजारच्या गावातल्या मुलींशी पहिला सामना ठरला. त्याच्या तीन आठवडे आधी इलोनाने एक चूक केली. हँडबॉलवाले हाताला राळ लावतात, म्हणजे चेंडू बोटांतून सुटत नाही. तिच्या जुन्या मैत्रिणीने हंगेरीहून एक डबी पाठवली होती. मधासारखी घट्ट, चिकट राळ. इलोनाने ती प्रत्येकीच्या बोटांना फासली. त्या दिवशी कुणाचाच चेंडू सुटला नाही, मुलींना खूप मजा आली. पण तास संपला तेव्हा लाकडी जमिनीवर सगळीकडे काळे डाग पडले होते. राळ चेंडूवरून जमिनीवर आली होती आणि तिच्यावर बुटांची धूळ बसली होती. सोमवारी जिमचा व्यवस्थापक डेव्ह याने फोन करून सांगितलं, मशीननेही डाग निघत नाहीत, तुमचा तास बंद.

मी तिच्याकडे गेले तेव्हा ती टेबलाशी बसून होती. "राळेशिवाय हँडबॉल होत नाही," ती म्हणाली. "त्याला काय कळतं?" मी विचारलं, "जिमच्या दारावर पाटी आहे ना? चिकट काही आणू नये अशी?" ऋचाने मला ती वाचून दाखवली होती. इलोनाने टेबलावरची डबी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "वाचली होती मी."

मला ती डबी बघायची होती. झाकण उघडून बोट लावलं आणि एकदम आमच्या कोकणातलं परसदार आठवलं. हा तर फणसाचा चीक! फणस कापायला बसताना आम्ही हाताला आणि विळीला खोबरेल लावतो. चीक पाण्याने कधी जात नाही, चोळाल तेवढा पसरतो. मी घरी जाऊन तेलाची बाटली आणि बेसनाचा डबा आणला. तिच्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर राळ लावली, तेलाने चोळली, वर बेसन भुरभुरून तेल टिपून घेतलं, मग साबणाच्या कोमट पाण्याने पुसलं. फरशी स्वच्छ. इलोना म्हणाली, "हाताला तेल आम्हीही लावायचो. जमीन पुसायला माणूस असायचा."

"आता आपण दोघी आहोत," मी म्हटलं.

पण डेव्हकडे जाऊन माफी मागायला ती तयार होईना. मी म्हटलं, तू येत नसलीस तर मी एकटी जाते. ती हसायलाच लागली. "तू? तू तर बसच्या ड्रायव्हरला हॅलो म्हणत नाहीस!" मी चपला घातल्या. दारापर्यंत पोहोचले तेव्हा मागून तिच्या गुडघ्याचा आवाज आला.

डेव्ह म्हणाला, "ऑइल? ऑन माय फ्लोअर?" त्याला एका कोपऱ्यात करून दाखवावं लागलं. त्याने त्यावर पाय घासून पाहिला, खाली वाकून हात फिरवला आणि "ओके" म्हणाला. त्याआधी इलोनाने त्याला सरळ सांगितलं होतं, "मी पाटी वाचली होती. चूक माझी आहे." तिचे कान लाल झाले होते...

तीन सकाळी आम्ही ती जमीन पुसली. तिला गुडघे टेकता येत नव्हते, म्हणून पाय पसरून बसायची आणि तशीच सरकत पुढे जायची. तिच्या खेळाची खरी हकिगत मी त्या तीन दिवसांत ऐकली. तोंडावर चेंडू घेऊन दोन दात पडले ती गोष्ट, ऑस्ट्रियातल्या पहिल्या पगारात आईसाठी घेतलेला कोट, शेवटच्या सामन्यात गुडघा वाजला तेव्हा सगळं सभागृह कसं शांत झालं ते. मध्येच थांबून म्हणाली, "सोळा वर्षं अशाच जमिनीवर उभी राहिले. हात आज लावला." मी म्हटलं, "कोपरा राहिलाय तुझा." त्यावर तिने बेसनाची मूठ माझ्या अंगावर उडवली.

तास परत मिळाला. सामना झाला आणि आमच्या मुली सपाटून हरल्या. राळ नव्हती, चेंडू साबणासारखे निसटत होते. इलोना हंगेरियनमध्ये काय काय ओरडत होती, ते कळलं नाही तेच बरं. ऋचा गोलमध्ये उभी होती. एक चेंडू सरळ तिच्या कपाळावर येऊन आदळला आणि तिने डोळे उघडे ठेवले. सामना संपल्यावर मुली रडवेल्या होऊन जवळ आल्या, तर इलोना म्हणाली, "रडता कशाला? आता तुमचा संघ हरलेला संघ आहे. म्हणजे खरा संघ आहे." पुढची तीन वर्षं तिने एकही शनिवार चुकवला नाही. शेवटच्या हिवाळ्यात केमो सुरू असतानाही लोकरी टोपी घालून खुर्चीत बसून ओरडायची.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी डेव्हचा फोन आला. मोठं माणूस हजर नसेल तर मुलींना जिम देता येत नाही, नियम आहे. त्या तासासाठी दुसरे लोक रांगेत आहेत. मुलगा म्हणाला, "आई, जाऊ दे ना, मला शनिवारी कॉल असतात." ऋचा खोलीत निघून गेली. मी रात्रभर वाक्य जुळवलं आणि सकाळी स्वतः नंबर फिरवला. "आय कम. एव्हरी सॅटर्डे. आय सिट." डेव्हने विचारलं, "आर यू द न्यू कोच?" मी म्हटलं, "नो. आजी."

दर शनिवारी काउंटरवरच्या वहीत हजर असलेल्या मोठ्या माणसाने नाव लिहायचं असतं. त्या पानावर वरून खालपर्यंत इलोनाचंच नाव आहे, आधी ठळक, मग थरथरतं. त्याच्या खाली मी माझं मराठीत लिहिते, काउंटरवरच्या मुलीने अजून तरी हरकत घेतलेली नाही. मुलींना शिकवायला मला येत नाही, त्या एकमेकींना शिकवतात. मी तिच्या खुर्चीत बसते. परवा एका नव्या मुलीने चेंडू येताना डोळे घट्ट मिटले. मी उभी राहिले आणि अख्ख्या जिमला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा ओरडले.