गुरुवारची पोळी

डब्यातल्या पोळ्या कमी भरू लागल्या तेव्हा माझा संशय पोळ्या करणाऱ्या मावशींवर गेला. संशय घ्यायला आम्हा सदाशिव पेठेतल्या माणसांना फार काही लागत नाही. बाबांना सांगितलं, तर ते नेहमीचंच म्हणाले, परिस्थिती सगळ्यांचीच असते, चोरी मात्र ज्याची नियत फिरते तोच करतो. शाळेत असताना मैत्रिणीचं खोडरबर घरी आणलं म्हणून त्यांनी मला भर उन्हात शनिवार पेठेत परत द्यायला पाठवलं होतं. हल्ली त्यांना सकाळचं दुपारी आठवत नाही, पण हे वाक्य शाबूत होतं.

मावशींना विचारायचं ठरवलं, आणि त्याच दिवशी बाबांच्या कपाटातून मुंग्यांची रांग निघालेली दिसली. सदऱ्यांच्या घडीखाली रुमालात पोळ्या होत्या, वाळून कडक झालेल्या.

बाबा गावाहून पुण्यात शिकायला आले ते वार लावून जेवले. म्हणजे आठवड्यातला एकेक दिवस एकेका घरी. त्या घरांच्या गोष्टी ते रंगवून सांगत. सोमवारची आमटी पाणीदार, बुधवारच्या काकू खाष्ट, शुक्रवारी जेवणावर गूळ-फुटाणे. आम्ही पोट धरधरून हसायचो. मधल्या गुरुवारी काय, हे कुणालाच कधी विचारावंसं वाटलं नाही.

रुमाल घेऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले. रागातच होते.

"बाबा, हे काय?"

ते खुर्चीतून उठले, भिंतीला टेकले आणि त्यांनी मला हात जोडले.

"काकू, उद्या गुरुवार. गुरुवारचं घर अजून मिळालं नाही. पण वार बंद करू नका."

या माणसाने ऑफिसातली टाचणीसुद्धा कधी घरी आणली नाही. मग ती सचोटी त्यांची, की पोट भरल्यावर आलेली? हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. ते नियत फिरण्याचं वाक्य इतकी वर्षं ते कुणाला ऐकवत होते, हे आता कळतं आणि फार वाईट वाटतं.

ताटात एक पोळी जास्त वाढून पाहिली. ती ते निमूट खाऊन टाकतात. कपाटात बिस्किटं ठेवली, त्यांना हात लावला नाही. बाबांना पोळी काकूंची नजर चुकवूनच घ्यावी लागते. त्या काकूंना मी कधी पाहिलं नाही, पण त्या माझ्या स्वयंपाकघरात राहायला आल्या आहेत. आणि बाबांच्या लेखी आता रोजच बुधवार असतो.

म्हणून जेवणं झाली की मी त्यांच्याकडे पाठ करून ओटा पुसत राहते. मागे डब्याचं झाकण हळूच वाजतं. पावलं कपाटापर्यंत जातात. मी वळत नाही. वळले, तर तो मुलगा उद्या उपाशी राहील.