गोलीची रोजची मॅच

आमच्या तुरुंगाच्या अंगणात रोज दुपारी फुटबॉलची मॅच व्हायची आणि ती खेळायला एकच माणूस असायचा. जेवणं उरकली, बराकी सुस्तावल्या, की गोली कडुनिंब आणि पाण्याची टाकी यांच्या मधोमध जाऊन उभा राहायचा. गुडघे किंचित वाकलेले, तळवे उघडे, नजर समोरच्या भिंतीवर. चेंडू नसायचाच. तरी तो एकदम डावीकडे झेप घ्यायचा, मातीत लोळायचा, उठून अंग झटकायचा. मी तेव्हा पहाऱ्यावर शिपाई होतो. पहिल्या दिवशी वाटलं, गडी कामातून गेला. मग सवय झाली. ते पांढरं ऊन, निंबाची हलती सावली आणि त्या सावलीत न दिसणारा चेंडू अडवणारा तो उंच माणूस बघता बघता माझेही डोळे जड व्हायचे आणि लांबून कुठून तरी प्रेक्षकांचा गलका ऐकू यायचा. आता मी निवृत्त आहे, त्यामुळे पहाऱ्यावरच्या डुलकीची चौकशी कोणी लावणार नाही.

गोलरक्षकाला पोरं गोली म्हणतात, तेच याचं नाव पडलं होतं. गाव काष्टी. नगरच्या मैदानांवर खेळायला लागला आणि बघता बघता जिल्ह्याच्या संघात गेला. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. मग एका अंतिम सामन्यात, अगदी शेवटाला, पंचानं त्याच्याविरुद्ध गोल दिला आणि यानं त्या म्हाताऱ्या पंचाच्या कानाखाली अशी वाजवली, की तो खांबावर जाऊन आदळला. त्याचा डावा कान कायमचा गेला. कोणी तरी मोबाईलवर ते टिपलं. संध्याकाळपर्यंत तिसगावपासून कोल्हारपर्यंत ज्याच्या त्याच्या हातात तेच. खांद्यावर नाचवणारे सगळ्यात आधी पांगले. कोर्टानं शिक्षा दिली आणि गोली आमच्याकडे आला.

"रोज कुठली मॅच खेळतोस रे?" मी एकदा विचारलं.

"तीच, साहेब."

"मग एखाद दिवशी जिंकून तरी टाक!"

"जिंकायचं न्हाई. गोल तर व्हतोच. त्याच्या फुडं माझा हात काय करतोय, ते बघायचं."

आणि हात ऐकायचा नाही. मनातल्या मॅचमध्येसुद्धा तो उचलला जायचा. "आज पन मारलं, साहेब," असं म्हणत गोली घामाघूम होऊन पायरीवर येऊन बसायचा. चेहरा पार उतरलेला. स्वप्न स्वतःचं, पंच स्वतःच्या मनातला, तरी आपलं काही चालू नये, याचं मला फार वाईट वाटायचं. इतर बंदी त्याची टर उडवायचे. "स्कोअर काय, गोली?" असं बराकीतून ओरडायचे. तो हसायचा नाही, चिडायचाही नाही.

एका हिवाळ्यात तो मातीतून उठला आणि नुसता उभाच राहिला. मग सावकाश माझ्याकडे आला. "आज हात खाली ऱ्हायला, साहेब." मी माझा अर्धा चहा त्याला दिला. चहा पिता पिता तो म्हणाला, "बॉल लाईनीच्या आत हुता. गोलच हुता त्यो. मला तवाच कळालं हुतं. त्यांचं खरं हुतं म्हनूनच मारलं मी." मग म्हणाला, "चाचांना एवढं सांगायचंय. माफी दिली न्हाई तरी चालंल. पन गोल हुता, हे माझ्या तोंडानं सांगायचंय."

चाचा म्हणजे तोच पंच. शहरात त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. सुट्टीच्या दिवशी मी तिथं गेलो, गोलीचं नाव काढलं, तसं त्यांनी मान वळवून बहिरा कान माझ्याकडे केला आणि तेलाचे थेंब सोडत बसले. उठता उठता सहज म्हणालो, की सव्वीस जानेवारीला आमच्याकडे दोन बराकींची मॅच आहे.

"पंच कोण?" चाचांनी एकदम विचारलं.

"कोणी नाही. आपसात ठरवतात."

"पंच नाही?" म्हातारा भडकलाच. "मग मॅच कशाला म्हणता? मारामारी म्हणा! तुमच्या साहेबांना सांगा, मी येतो. त्याच्यासाठी नाही. खेळासाठी."

आणि आले. इस्त्रीची काळी चड्डी, काळा शर्ट, गळ्यात शिट्टी. गोली टाकीजवळच्या गोलात उभा होता, मान खाली घालून. चाचांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मधोमध गेले आणि खेळ सुरू करायला सणसणीत शिट्टी फुंकली.

सगळे बंदी जिथल्या तिथं खाली बसले.

तुरुंगात शिट्टी म्हणजे धोका. वाजली की जागेवर बसायचं, हा नियम. पाय आपोआप मुडपतात. चाचांना हे सांगायचं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. ते बिचारे मैदानभर बसलेल्या माणसांकडे बघत राहिले. मी पळत जाऊन कानात सांगितलं. उजव्या. त्यांनी ऐकलं, एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि चालत गोलीपाशी गेले. हात पुढं केला.

"ऊठ. ही शिट्टी खेळाची आहे. हिला कोणी घाबरायचं नाही."

गोली हात धरून उठला. म्हणाला, "चाचा, त्यो गोल हुता."

"माहीत आहे," चाचा म्हणाले. "मीच दिला होता." मग वळता वळता, "सुटलास की ये. डाव्या बाजूनं कोणी हाक मारली तर मला कळत नाही. तिकडच्या लाईनीवर डोळस माणूस लागतो मला."

गोली सुटला त्या सकाळी घरी जायच्या आधी त्या दुकानात गेला म्हणे. मला मात्र ती दुपार सुनी वाटायला लागली. निंबाची सावली तेवढी हलायची.

निवृत्तीनंतर एकदा मैदानावर गेलो. चाचा मधे, गोली डाव्या लाईनीवर, हातात झेंडा. एका तरण्या खेळाडूनं गोल मारला आणि गोलीनं ऑफसाईडचा झेंडा वर केला. पोरगं धावत आलं, शिव्या घालत. चाचांची पाठ होती, डावा कान आमच्याकडे. पोरानं दोन्ही हातांनी गोलीला ढकललं. गोली धडपडला, पडता पडता सावरला, परत लाईनीवर येऊन उभा राहिला. "ऑफसाईड हाय," एवढंच म्हणाला. चाचा वळले, वर असलेला झेंडा पाहिला आणि गोल नाकारला.

मॅच संपल्यावर मी तावातावानं चाचांकडे निघालो होतो. गोलीनं माझी बाही धरली.

"सांगू नका, साहेब. बाद करतील त्याला. लई चांगला खेळतोय त्यो. मी बसतो त्याच्यापाशी."

लांब बाकावर ते पोरगं तोंड पाडून एकटंच बसलं होतं. गोली त्याच्याशेजारी जाऊन बसला. काय बोलले, मला ऐकू आलं नाही. चाचांना मी आजतागायत सांगितलेलं नाही, आणि इथंही त्या पोराचं नाव लिहिणार नाही.